दिवसभर हात चालू असतात, संध्याकाळी मुख्य काम तसंच – छोट्या टॅक्स ऑफिसात काय करता येईल?

कराडची_हिशेबनीस

नमस्कार.

कराडात माझं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. मी सीए नाही. बी.कॉम.नंतर जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) केलं, एका सीए सरांकडे बरीच वर्षं काढली आणि मग कोल्हापूर नाक्याजवळ गाळा भाड्यानं घेतला. साठेक ग्राहक आहेत: किराणा, हार्डवेअर, कृषी सेवा केंद्रं, एक वीटभट्टी, दोन ट्रान्सपोर्टवाले, झेडपीची कामं घेणारे तीन ठेकेदार. मदतीला दोन मुली. एक टॅलीत एंट्री करते, दुसरी जीएसटीचं पोर्टल बघते. दोघीही चटपटीत आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते दिवसाबद्दल. परवाचंच सांगते. एका हार्डवेअरवाल्याचं २बी जुळवायचं असं ठरवून ऑफिसात आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल आपल्याला किती क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दाखवतंय ते २बीत येतं, आणि ते ग्राहकाच्या खरेदी खात्याशी ताडून बघावं लागतं. सलग बसायला मिळालं तर तास-दीड तासाचं काम. बसले, तोच ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. गाडी भरून उभी आहे, ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायला लागणारा ऑनलाइन कागद) काढा. याला 'नंतर' म्हणता येत नाही, ड्रायव्हर खोळंबतो. काढून दिलं. परत येऊन बघते तर कुठल्या बिलापाशी होते तेच आठवेना. पुन्हा वरून सुरू केलं. मग एका दुकानदाराला कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्नं आणि प्रोजेक्टेड बॅलन्स शीट (पुढचा अंदाजी ताळेबंद) हवं, बँकेनं आजच मागितलंय. मग 'मॅडम, माझं रिटर्न गेलं का?' असे फोन, ते तर दिवसभर. मग वीटभट्टीवाले काका पिशवी घेऊन आले. पिशवीत बिलं, डिझेलच्या पावत्या, लाइटबिल आणि एक लग्नपत्रिका. (डिझेलवर जीएसटीच नाही, तरी पावत्या न चुकता येतात.) चहा झाला, उसाच्या दराच्या गप्पा झाल्या. सहाला मुली निघाल्या तेव्हा हार्डवेअरची फाइल अजून उघडीच होती.

महिन्याचंही तसंच. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला आर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ला २बी तयार होतं, १५ला पीएफ-ईएसआय, २०ला ३बी (कर भरायचं रिटर्न). पहिल्या आठवड्यात ऑफिस शांत असतं, कारण कोणी कागदच आणत नाही. १६पासून सगळे एकदम आणतात. मग १८, १९, २० या तारखांना घरी जायला रात्रीचे अकरा. त्यात शेवटच्या दिवशी पोर्टल गोल गोल फिरत बसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात यावर ऑडिटची कामं चढतात. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा तर प्रत्येक दुकानदाराचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्हीच नीट करायचं, असाच सगळ्यांचा समज होता.

यादी करणं, डायरी, मोबाइलमधलं कामांचं अ‍ॅप हे सगळं आहे माझ्याकडे. यादी सकाळी लिहिते. संध्याकाळी तीच यादी दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवते. मला प्रेरणा नको आहे, ती भरपूर आहे. ज्यांच्या कामात फोन आणि दारातून येणारी माणसं दोन्ही टाळता येत नाहीत, अशांनी प्रत्यक्षात काय बदललं ते हवंय. अगदी टेबल कुठं ठेवलं इतकं बारीक सांगितलंत तरी चालेल.

---

पहाटपाखरू

ताई, साडेचारला उठायला लागा, बघा फरक. पहाटेचे दोन तास सोन्याचे असतात. दुसरं म्हणजे पोमोडोरो: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून हे सुरू केलं, म्हणून ते नाव. त्या वेळात मोबाइल विमान मोडवर टाकायचा. आणि कामांचे चार चौकोन करा: तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, दोन्ही नाही. मला खूप फायदा झाला.

---

कराडची_हिशेबनीस

धन्यवाद. पाचला उठतेच हो, मुलाची शाळेची बस सव्वासहाला असते. टायमरचं पटतं, घरी लेखापरीक्षणाचा अहवाल लिहिताना मी तसं करतेही. पण ऑफिसात मोबाइल विमान मोडवर टाकायचा कसा? रिटर्न भरताना ओटीपी ग्राहकाच्या मोबाइलवर जातो आणि तो सांगायला ग्राहक मलाच फोन करतो. चौकोनांचं म्हणाल तर २० तारखेला सगळी साठ नावं एकाच चौकोनात येऊन बसतात.

---

शिरोली_टर्नशॉप

ताई, टॅक्समधलं मला ओ की ठो कळत नाही. माझी रिटर्नं जावई भरतो. पण तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण हे सगळं मी मशीनवर बघितलंय. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर होतो, आता निवृत्त. फौंड्रीतनं कास्टिंग यायचं, आमच्याकडं टर्निंग-ड्रिलिंग व्हायचं आणि माल पंपाच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्यांना जायचा.

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक जॉब (घडवायचा भाग) उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे सेटिंग करावं लागतं. जॉ (जॉब धरून ठेवणारे जबडे) बदलायचे, सॉफ्ट जॉ असले तर जॉबच्या मापाला बोअर करून घ्यायचे, टूल लावायची, त्यांच्या मापाचे आकडे म्हणजे ऑफसेट द्यायचे, पहिला पीस काढून क्वालिटीकडं पाठवायचा. तो ओके होऊन येईस्तोवर मशीन उभी. सेटिंगला दोन तास आणि नंतर पीस निघतो तीन मिनिटाला एक. अशात शिफ्टमध्ये तीन वेळा जॉब बदलला तर काय होतं? ऑपरेटर घामाघूम, मशीनभोवती सारखी गर्दी, आणि शिफ्ट सुटताना पेटीत पीस नाहीत. तुमचं ते 'कुठल्या बिलापाशी होते आठवेना, पुन्हा वरून सुरू केलं', ते सेटिंग आहे. ई-वे बिलाला पाच मिनिटं गेली असतील, पण तुमचं सेटिंग मोडलं त्याला वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं कुठल्या यादीत दिसत नाहीत.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, ट्रॉली. आधीचा जॉब मशीनवर चालू असतानाच पुढच्या जॉबचं सगळं ट्रॉलीवर लावून ठेवायचं: टूल, इन्सर्ट, जॉ, गेज (माप तपासायचं साधन), ड्रॉइंग. मशीन थांबल्यावर ऑपरेटर पाना शोधत फिरला तर तो दोष माझा. जपानात शिगेओ शिंगो म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी टोयोटात हजार टनी प्रेसचं डाय बदलायचं चार तासांचं काम तीन मिनिटांवर आणलं, याच तत्त्वावर: मशीन बंद ठेवून करायचं काम कुठलं आणि चालू असताना आधीच उरकता येईल असं कुठलं, हे वेगळं काढायचं. आमचं काही तीन मिनिटांवर आलं नाही, चाळीसवर आलं. तेवढ्यावरही मालक खूश होता.

दुसरं, आणि याला खरी ताकद लागते. अर्धवट साहित्यावर जॉब चढवायचा नाही. व्हायचं असं, की कास्टिंग आलंय पण ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आलेली नाही. किंवा सगळं आहे पण गेज कॅलिब्रेशनला गेलाय. मग कोणीतरी म्हणणार, निदान सुरू तरी करू. सुरू केलं की चार तासांनी अडकतं, मग उतरवा, रॅकवर टाका, दुसरा जॉब चढवा, आणि दोन दिवसांनी पहिल्याचं सेटिंग परत. शॉपमध्ये चालताना पाय ठेवायला जागा नसायची इतका अर्धवट माल. आम्ही नियम केला, ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय जॉब मशीनवर जाणार नाही. मालक येऊन ओरडला तरी नाही. सुरुवातीला मशीन मधूनच रिकामी दिसायची. रिकामी मशीन कुठल्याच मालकाला बघवत नाही, आणि तुम्ही स्वतःच मालक आहात, म्हणजे तुम्हाला तर अजूनच जड जाणार.

तुमच्याकडं पिशवी आली की पोरी लगेच एंट्रीला बसत असणार. निम्म्यात कळतं की बँक स्टेटमेंट नाही, एका महिन्याचं विक्रीचं पुस्तक नाही. प्रत्येक ग्राहकाला काय काय लागतं ते एका कागदावर लिहून फाइलच्या वर चिकटवा. सगळ्यावर खूण झाल्याशिवाय फाइल तुमच्या टेबलावर येऊ द्यायची नाही. पोरींच्या टेबलावर पडू दे.

तिसरं, एकसारखे जॉब एकापाठोपाठ. सगळे फ्लँज एका दिवशी काढले तर जॉ तेच राहतात. तुमचे हार्डवेअरवाले सगळे एका बैठकीत घ्या, त्यांचे पुरवठादार आणि दर बऱ्यापैकी तेच असणार. किराणावाले दुसऱ्या दिवशी.

आणि तातडीच्या कामासाठी आमच्याकडं एक जुनी लेथ मुद्दाम मोकळी ठेवलेली होती. शेजारच्या कारखान्यात शाफ्ट तुटली, कुणाचा बुश गेला, की तिच्यावर. ऑडिटवाले विचारायचे, ही मशीन एवढी रिकामी का असते? म्हटलं, ती रिकामी असते म्हणून बाकीच्या सहा भरलेल्या असतात. तुमच्या दोघींपैकी एकीला तुमची जुनी लेथ करा. ई-वे बिल, ओटीपी, 'अमक्याचा जीएसटी नंबर चालू आहे का बघा', सगळं तिच्याकडं. तिच्याकडं दुसरं मोठं काम द्यायचंच नाही.

---

निवृत्त_कॅशियर

टेबल कुठं ठेवलं इतकं बारीक विचारलंत म्हणून लिहितो. काउंटरवर व्यवहाराची वेळ लिहिलेली असे आणि लोक ती पाळत. त्यात आमचं काही कौतुक नव्हतं, मध्ये काच होती. तुमच्या टेबलासमोर ग्राहकाची खुर्ची असणार. ती उचला आणि मुलींच्या टेबलासमोर ठेवा. माणूस आत आला की खुर्ची असेल तिथं बसतो. तुमच्यासमोर उभं राहून कोणी उसाच्या दरावर फार वेळ बोलत नाही. तुमचं टेबल दारातून सरळ दिसणार नाही असं कपाटामागं गेलं तर आणखी चांगलं.

---

लातूरकर_करसल्लागार

मी याच धंद्यात आहे म्हणून थोडं सविस्तर.

शिरोलीच्या काकांचं बहुतेक सगळं पटलं, एक सोडून. ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय हात लावायचा नाही हे आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. कास्टिंगला दोन दिवस उशीर झाला तर कंपनी चिडेल. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, कर द्यायचा असेल तर वर १८ टक्के व्याज, आणि ३बी राहिली की पुढच्या महिन्याचं आर-१ अडतं. कागद ग्राहकानं १९ तारखेला आणले हे तो विसरतो, फी कोणामुळे बसली हे त्याच्या लक्षात राहतं, आणि ते नाव आपलंच असतं. म्हणून मी किट, म्हणजे काकांच्या ट्रॉलीसारखा कागदांचा संच, दोन केली. विक्रीचं एक, खरेदीचं एक. विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत. तेवढ्यावर आर-१ सुटतं, त्यासाठी खरेदीची पिशवी लागतच नाही. खरेदी १२पर्यंत. १४ला २बी आलं की एक्सेल उतरवून घ्यायची आणि खरेदी त्याच्याशी लावायची. जे जुळलं ते बाजूला, जे जुळलं नाही तेवढीच बिलं पिशवीतून शोधायची. क्रेडिट घ्यायला बिल हातात लागतं हे खरं, पण म्हणून प्रत्येक बिल २० तारखेच्या आधी चाळायलाच हवं असं नाही. ते १ ते १० च्या शांत दिवसांत फायलीला लावा. तुमचा रिकामा आठवडा तिथं भरा.

उलाढाल पाच कोटींच्या आत असलेल्यांना तिमाही योजनेत (रिटर्न तीन महिन्यांतून एकदा) घालता येतं, हे तुम्हाला ठाऊक असणार. पण सगळ्यांना एकदम घालू नका. माझ्या एका मित्रानं घातले. आता त्याचे आठ महिने सुखाचे असतात आणि जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात तो फोनवरही सापडत नाही. ज्यांची विक्री थेट गिऱ्हाइकाला आहे, म्हणजे किराणा वगैरे, ते तिमाहीला. ज्यांचे खरेदीदार दर महिन्याला क्रेडिट मागतात ते मासिकच ठेवा, नाहीतर त्यांची बिलं १३ तारखेच्या आत आयएफएफमधून (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं चढवायची सोय) वेगळी चढवत बसावं लागतं आणि वाचलेलं काम परत येतं. तिमाहीवाल्यांनाही पहिल्या दोन महिन्यांत २५ तारखेच्या आत कराचं चलन भरावं लागतंच, पण त्यात मागच्या तिमाहीत रोखीनं भरलेल्या कराच्या ३५ टक्के भरून टाकायचे, जुळवणी तिमाहीच्या शेवटी. जुलै–सप्टेंबर तिमाहीसाठी बदल करायचा तर मुदत १ मे ते ३१ जुलै, त्याच हिशेबानं पुढच्या तिमाह्या. म्हणजे मे महिन्यात, ज्या वेळी डोकं जागेवर असतं, बसून ठरवा.

ज्यांचा व्यवहार शून्य आहे त्यांचं रिटर्न १४४०९ वर एसएमएस पाठवून भरता येतं, लॉगिनची गरज नाही. असे पाच-सहा ग्राहक प्रत्येकाकडे असतात. महिना लागला की पहिल्या दोन दिवसांत उरकून टाका. तेवढीच नावं कमी.

ओटीपी. हा आपल्या धंद्यातला खरा चोर. कॉम्प्युटरवर सगळं तयार असतं आणि मालक शेतात. मी ओटीपीची वेळ ठरवून टाकली: दुपारी १ ते २. जेवायला माणूस घरी किंवा दुकानात टेकलेला असतो, फोन हातात असतो. सकाळी तयार झालेली सगळी रिटर्नं त्या तासात ओळीनं सोडायची, आदल्या संध्याकाळी निरोप द्यायचा की उद्या दुपारी तुमचा नंबर आहे. ओटीपी मोबाइलसोबत ई-मेलवरही येतो, त्यामुळे रेंज नसली तर तिथून बघता येतो, फक्त तो ई-मेल ग्राहकाला स्वतःला उघडता यायला हवा. काही जण सोय म्हणून पोर्टलवर ग्राहकाच्या ऐवजी स्वतःचा मोबाइल नंबर घालतात. घालू नका. उद्या नोटीस आली तर ती ग्राहकाला कळत नाही, आणि ग्राहकानं सल्लागार बदलला की भांडण.

आता न आवडणारं. वर्षाला सर्वांत कमी फी देणारे दहा जण काढा आणि सर्वांत जास्त फोन करणारे दहा जण काढा. माझ्याकडे त्यात सात नावं तीच निघाली. त्यांची फी वाढवली. चार गेले, तीन राहिले. गेलेल्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, त्यातले दोन अगदी पहिल्या वर्षापासूनचे होते. पण हे केल्याशिवाय बाकीचं सगळं म्हणजे गळक्या टाकीला मोठा नळ.

---

सांगलीचं_हार्डवेअर

मी पलीकडचा माणूस. म्हणजे ज्याचं २बी जुळवताना तुमचा दिवस जातो तो. आमचीही बाजू ऐका.

'माझं रिटर्न गेलं का' हा फोन आम्ही हौसेनं करत नाही. पूर्वी ज्यांच्याकडे माझं काम होतं त्यांनी एक महिना आर-१ भरलंच नाही आणि मला सांगितलंही नाही. मला कळलं ते कुणाकडून? माझ्याकडून पत्रे घेणाऱ्या ठेकेदाराकडून. 'शेठ, तुमचं बिल आमच्या २बीत दिसत नाही, आमच्या साहेबांनी पेमेंट रोखलंय.' चार लाखांचं पेमेंट. त्या दिवसापासून मी ११ तारखेला फोन करतो, आणि उचलला नाही तर परत करतो. आता ज्यांच्याकडे आहे ते मॅडम रिटर्न भरलं की एआरएन नंबर (रिटर्न गेल्याची पोच) आलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. खाली एक शब्द लिहीत नाहीत. फोटो आला की मी गप्प. तुम्ही प्रत्येकाला तो फोटो टाका, तुमचे निम्मे फोन त्याच महिन्यात थांबतील. लातूरकर साहेबांनी एवढं सगळं लिहिलं, पण हे लिहिलं नाही.

आणि पिशवीबद्दल. तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम १८ तारखेला आणतो. दुकान सोडून ऑफिसला यायचं म्हणजे गल्ल्यावर कुणाला तरी बसवावं लागतं, म्हणून महिन्यातून एकदा जमतं, आणि तेही शेवटाला आठवतं. मॅडमनी एक पोरगा ठेवलाय, कॉलेज करतो. तो दर आठवड्याला ठरल्या दिवशी गाडीवर येतो, बिलं नेतो, मागची नेलेली परत देतो. तो दारात आला की द्यावीच लागतात. उगीच बसून चहा पण होत नाही. त्या पोराच्या पेट्रोलचे म्हणून मॅडमनी वर्षाचे पैसे थोडे वाढवले, मी एका शब्दानं बोललो नाही.

रोज बिलाचे फोटो पाठवा हे मात्र सांगू नका. कोणी पाठवत नाही. पाठवले तरी अर्धे फोटो अंगठ्याचे असतात.

---

लातूरकर_करसल्लागार

एआरएनचं राहिलंच. मीही पाठवतो, पण महिन्याच्या शेवटी एकगठ्ठा. त्याच दिवशी पाठवायला हवा हे तुमच्यामुळे कळलं.

---

कराडची_हिशेबनीस

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये २० तारीख होती.

खुर्ची हलवली. कॅशियर काकांना मनापासून धन्यवाद, यात एक रुपया लागला नाही. कपाट मध्ये घेतलं, माझं टेबल त्याच्यामागं गेलं. पहिल्या दिवशी वीटभट्टीवाले काका दारात उभं राहून 'मॅडम सुट्टीवर का?' असं मुलींना विचारत होते, आणि मी आत सगळं ऐकत होते. ते नात्यातले आहेत, मिस्टरांचे चुलत मामा, त्यामुळे त्यांच्यासाठी बाहेर यावंच लागतं. त्यांचा चहा मी बंद करणार नाही. वेळेची पाटी दारावर लावण्याचाही विचार होता, तो सोडला. इथं ती लोकांना शिष्टपणा वाटते, आणि दोन गल्ल्या सोडून दुसरं ऑफिस आहेच.

'जुनी लेथ' झाली. पोर्टल बघणाऱ्या मुलीकडे ऑफिसचं वेगळं सिमकार्ड दिलं, ई-वे बिल आणि ओटीपी तिकडे. ट्रान्सपोर्टवाल्यांना हे सर्वांत आधी आवडलं, कारण ती माझ्यापेक्षा पटकन काढून देते! तिला मात्र सुरुवातीला वाईट वाटलं, आपल्याकडून जुळवणीचं काम काढून घेतलं म्हणून. म्हणून आता दोघी महिन्याआड बदलणार आहेत. शिरोलीचे काका, तुमच्याकडे लेथवरचा माणूस बदलायचा की तोच असायचा? हे मला खरंच विचारायचंय.

एआरएनचा फोटोही लगेच सुरू केला, त्यावर काही बोलायलाच नको. ओटीपीची १ ते २ वेळ बाजारातल्या दुकानदारांना जमली. कोयनानगरच्या बाजूच्या एका ठेकेदाराला नाही जमत, त्याची साइट अशा ठिकाणी आहे की रेंजसाठी त्याला वर रस्त्यावर यावं लागतं, आणि ई-मेल तो उघडत नाही. त्याच्यासाठी डिजिटल सही काढावी, म्हणजे ओटीपी लागणार नाही, असं मनात आहे. खर्च त्यानंच करायचा हे त्याला पटवणं बाकी आहे.

फी वाढवणं आत्ता नाही. ते मार्चनंतर, नव्या वर्षाच्या बिलात. लातूरकर सरांची ती दोन याद्यांची गोष्ट मात्र करून बघितली आणि कपाळाला हात लावला. माझ्याकडे सातहून जास्त निघाली.

बिलं आणायला पोरगा मिळतोय का ते बघते. तोवर विक्री ५पर्यंत आणि खरेदी १२पर्यंत हा निरोप सगळ्यांना पाठवायचाय. लातूरकर सर, तुम्ही काय लिहिता नेमकं? माझा मसुदा वाचून मिस्टर म्हणाले, ही नोटीस वाटतेय.

---

शिरोली_टर्नशॉप

लेथवर माणूस तोच ठेवायचो ताई, पण तो शॉपमधला सर्वांत जुना आणि मानाचा माणूस असायचा. नवख्याला तिथं टाकलं तर त्याला ती शिक्षा वाटते. तुमच्याकडं दोघीच आहेत, तेव्हा बदलताय ते बरोबर आहे. फक्त महिन्याच्या १ तारखेला बदला. मध्येच बदलू नका.

---

लातूरकर_करसल्लागार

मी हे पाठवतो, दर महिन्याच्या १ तारखेला, प्रत्येकाला वेगळं, ग्रुपवर नाही:

'नमस्कार. मागच्या महिन्याची विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत आणि खरेदीची बिलं व बँक स्टेटमेंट १२ तारखेपर्यंत पाठवावं. १२ नंतर आलेली खरेदी पुढच्या महिन्यात घेऊ, क्रेडिट बुडत नाही, फक्त एक महिना पुढं जातं. रिटर्न भरल्यावर त्याच दिवशी पावती पाठवतो. काही अडलं तर ऑफिसच्या नंबरवर फोन करावा.'

'क्रेडिट बुडत नाही' हे लिहिलं की लोक चिडत नाहीत. (आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना निरोपात सांगायची गरज नाही, मार्चमध्ये वेगळं सांगा.) आणि खरोखरच एकदा पुढच्या महिन्यात ढकला. एकाचं ढकललं की बाजारात आपोआप सगळ्यांना कळतं.

---

सांगलीचं_हार्डवेअर

'नमस्कार' काढून तिथं तारीख टाका. व्हॉट्सअ‍ॅप न उघडता वर जेवढी ओळ दिसते तेवढीच आम्ही वाचतो.